पाच रुग्णालयं, एक अभ्यास आणि एथिक्सची मंजुरी

विदर्भात स्क्रब टायफसचे पेशंट जुलैच्या शेवटी दिसायला लागतात, ऑगस्ट-सप्टेंबरात वाढतात आणि दिवाळीनंतर ओसरतात. २०१८च्या पावसाळ्यात नागपूर आणि आजूबाजूच्या जिल्ह्यांना या तापाने चांगलाच हिसका दाखवला होता. गवता-झुडपांतल्या, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या किड्याच्या चाव्यातून तो होतो. वेळेत ओळखला तर डॉक्सिसायक्लिनसारख्या जुन्या, स्वस्त औषधाने बरा होतो. ओळखायला उशीर झाला तर गोष्ट व्हेंटिलेटरपर्यंत जाते.

आता समजा, हा ताप लवकर कसा ओळखावा यावर कुणाला अभ्यास करायचा आहे. एका रुग्णालयात पुरेसे पेशंट मिळणार नाहीत, आणि मिळाले तरी ते एकाच भागातले असतील. म्हणून पाच ठिकाणं धरली: नागपुरातली दोन मोठी रुग्णालयं, वर्धा जिल्ह्यातलं एक, चंद्रपुरातलं एक आणि गडचिरोलीतलं एक. पैसे मार्चमध्ये मंजूर झाले. पाचव्या ठिकाणच्या एथिक्स कमिटीची, म्हणजे अभ्यास सुरू होण्याआधी तो तपासणाऱ्या समितीची, मंजुरी ऑक्टोबर संपता संपता हातात पडली. त्या वर्षीचा अभ्यास बुडाला, कारण पेशंटच उरले नव्हते. फील्डवर नेमलेल्या मुलामुलींची अकरा महिन्यांची कंत्राटं मात्र चालू होती, आणि ३१ मार्चनंतर खर्चाचं यूसी, म्हणजे पैसे कुठे वापरले त्याचं प्रमाणपत्र, द्यायचं होतं ते होतंच.

उदाहरण मी रचलेलं आहे, पण ज्यांनी असं काम केलंय त्यांना ते ओळखीचं वाटेल. बहुकेंद्री संशोधन, म्हणजे एकच अभ्यास अनेक रुग्णालयांत एकाच पद्धतीने करणं, हा आजच्या आरोग्य संशोधनाचा कणा आहे. सिकलसेल घ्या, क्षयरोग घ्या, उष्माघात घ्या. एका दवाखान्याच्या आकड्यांवरून फारसं काही ठरत नाही. आणि या कामात सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे ‘एथिक्समध्ये अडकलंय.’

मी नागपुरातल्या एका संस्थेच्या एथिक्स कमिटीवर ‘सामान्य नागरिक’ या जागेवर बसते. डॉक्टर नाही, आयुष्यभर शाळेत शिकवलं. त्यामुळे जे अडकतं ते टेबलाच्या या बाजूने कसं दिसतं, एवढं सांगू शकते.

आधी ही कमिटी म्हणजे कोण ते बघू. माणसांवर होणारं कुठलंही आरोग्य संशोधन सुरू करण्याआधी ते या कमिटीने तपासायचं असतं. त्यासाठी आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, आणि नव्या औषधांच्या चाचण्यांसाठी २०१९चे ‘नवीन औषधे आणि क्लिनिकल ट्रायल नियम’ आहेत. कमिटीत किमान सात जण लागतात आणि त्यातले निम्मे तरी संस्थेबाहेरचे हवेत. अध्यक्ष बाहेरचाच असतो, सदस्य सचिव मात्र संस्थेतला. डॉक्टरांखेरीज कायदा जाणणारं कुणीतरी, समाजशास्त्रज्ञ किंवा सामाजिक संस्थेतलं कुणीतरी आणि माझ्यासारखं साधं माणूस लागतं. निदान एक बाई हवीच.

बैठकीला पाच जणांची गणपूर्ती लागते. औषधांच्या चाचणीचा विषय असेल तर नुसते पाच जण चालत नाहीत. त्यात मूलभूत वैद्यकशास्त्राचा जाणकार, पेशंट तपासणारा डॉक्टर, कायदेतज्ज्ञ, समाजशास्त्राच्या बाजूचं माणूस आणि सामान्य नागरिक असे पाच प्रकारचे लोक हजर असावे लागतात. नागपुरात याचा अर्थ असा की वकील साहेबांचं मॅटर ऐनवेळी हायकोर्टाच्या खंडपीठासमोर बोर्डावर लागलं, की चाचणीची फाइल पुढच्या बैठकीवर जाते. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन आलं की सरकारी डॉक्टरांच्या ड्युट्या बदलतात. त्याआधी दिवाळी असते. मे महिन्यात लग्नं आणि पंचेचाळीसचं ऊन. हे कुठल्या नियमात लिहिलेलं नाही, पण फाइलचा वेग याच गोष्टींवर ठरतो.

प्रत्येक फाइल पूर्ण बैठकीसमोर आणावी लागत नाही, हे मात्र बऱ्याच संशोधकांनाही माहीत नसतं. आयसीएमआरने जोखमीच्या चार पायऱ्या केल्या आहेत. किमानपेक्षाही कमी, किमान, त्याहून थोडी जास्त, आणि बरीच जास्त. नावगाव नसलेली, सगळ्यांना उपलब्ध असलेली माहिती वापरून केलेला अभ्यास तपासणीतून सूटही मिळवू शकतो. किमान जोखमीचा असेल तर दोन-तीन सदस्य तो पटकन वाचून निकाल देऊ शकतात, त्याला त्वरित तपासणी म्हणतात. उरलेलं सगळं पूर्ण बैठकीत. पण कुठली फाइल कुठल्या रांगेत लावायची हे ठरवणार सदस्य सचिव, आणि तेच बहुतेक वेळा कॉलेजात प्राध्यापक असतात, परीक्षा घेतात, इन्स्पेक्शन सांभाळतात. शंका आली की ते फाइल पूर्ण बैठकीकडे ढकलतात. त्यांना दोष देववत नाही. घाई केल्याबद्दल नोटीस येऊ शकते, उशीर केल्याबद्दल आजवर कुणाला आली असेल असं वाटत नाही.

त्यात पीजीच्या प्रबंधांची भर. वैद्यकीय कॉलेजात एमडी-एमएसला प्रवेश झाले की त्या सगळ्या मुलांना प्रबंधाची रूपरेषा विद्यापीठाने दिलेल्या मुदतीत पाठवायची असते, आणि त्याआधी एथिक्सची मंजुरी हवी असते. म्हणून वर्षातल्या ठरावीक आठवड्यांत गठ्ठेच्या गठ्ठे येतात. ‘गरोदर बायांमध्ये रक्तक्षयाचं प्रमाण’ आणि पाच जिल्ह्यांतला मोठा अभ्यास एकाच ढिगात, एकावर एक.

आता एका ठिकाणचं कॅलेंडर मांडून बघा. समजा कमिटी दर दोन महिन्यांनी बसते आणि फाइल बैठकीच्या तीन आठवडे आधी द्यावी लागते. मार्चच्या शेवटी बैठक आहे आणि तुमची फाइल १० मार्चला तयार झाली. मुदत गेलेली. म्हणजे मेच्या शेवटी. मेमध्ये चर्चा झाली, पाच शंका निघाल्या. शंकांचं पत्र टाइप होऊन, सही होऊन जूनच्या मध्यावर मिळालं. तुम्ही चार दिवसांत उत्तर दिलं. शंका किरकोळ असतील तर अध्यक्ष आणि सचिव मिळून मंजुरी देऊ शकतात. ‘बैठकीपुढे ठेवा’ असं इतिवृत्तात लिहिलेलं असेल तर जुलैअखेर. या पाच महिन्यांत तुमच्या अभ्यासाबद्दल प्रत्यक्ष विचार झाला तो फार तर चाळीस मिनिटं. बाकी सगळा वेळ तो टेबलावर किंवा दोन टेबलांच्या मधे कुठेतरी पडून होता.

एका ठिकाणी हे चालून जातं. पाच ठिकाणी गणित बिघडतं, आणि ते पाचपट होऊन बिघडत नाही, वेगळ्याच तऱ्हेने बिघडतं. समजा, कुठल्याही एका कमिटीकडून तीन महिन्यांत मंजुरी मिळण्याची शक्यता निम्मी आहे. मग पाचही ठिकाणी तीन महिन्यांत काम होण्याची शक्यता किती? निम्म्याचं निम्मं, त्याचं निम्मं, असं पाच वेळा करा: बत्तिसात एक. शंभरातून तीन वेळा. प्रत्येक कमिटी आपापल्या जागी ठीकठाक काम करत असली तरी सगळ्यांचं मिळून काम रखडतंच. आपल्याकडच्या काळी-पिवळीसारखं आहे हे, शेवटची सवारी बसल्याशिवाय गाडी हलत नाही. काही अभ्यास ज्या केंद्राला मंजुरी मिळाली तिथे आधी सुरू करतात, पण ज्यात सगळीकडे एकाच हंगामातले पेशंट हवेत तिथे ती सोयही नसते.

याहून मोठा घोळ दुरुस्त्यांचा. तो मी जवळून बघितलाय, म्हणून जरा सविस्तर सांगते.

लहान मुलांच्या तापाचा, पाच ठिकाणी होणारा एक अभ्यास आमच्याकडे आला होता. आमच्या आधी दोन कमिट्यांनी तो मंजूर केला होता. आमच्यातल्या बालरोगतज्ज्ञ म्हणाल्या, पाच मिली रक्त जास्त होतं, तीन मिलीत काम भागतं. मी म्हटलं, संमतीपत्रात ‘मिली’ लिहू नका, चमच्यात सांगा. वकिलांनी प्रवासखर्चाच्या रकमेवर बोट ठेवलं: एवढे दिले तर ते आमिष होईल, कमी करा. संशोधकांनी तिन्ही बदल केले. पण अभ्यास एकच आहे, म्हणजे रक्त सगळीकडे सारखंच घ्यायला हवं. म्हणून संमतीपत्राची आवृत्ती १.१ झाली आणि ती आधीच्या दोन कमिट्यांकडे ‘दुरुस्ती’ म्हणून परत गेली. त्यातल्या एकीने उलट विचारलं: प्रवासखर्च कमी का केला? आमच्याकडचे लोक लांबून येतात, वाढवा. आवृत्ती १.२. ती आमच्याकडे. तोवर चौथ्या कमिटीने कागदावरचं अक्षर मोठं करायला सांगितलं होतं, आणि तक्रारीसाठी स्थानिक फोन नंबर टाकायला. आवृत्ती १.३.

यातली एकही मागणी चुकीची नव्हती. चमच्याची माझी मागणी तर मी आजही करीन. पण रक्त किती घ्यायचं हा प्रश्न पाचही ठिकाणी एकच होता, त्याचं उत्तर एकदाच द्यायला हवं होतं. प्रवासखर्च आणि फोन नंबर हे ठिकाणागणिक वेगळेच असणार होते, ते एका मसुद्यात बसवायचा अट्टहास करायलाच नको होता. दोन्ही तऱ्हेचे प्रश्न एकाच कागदावर, एकाच रांगेत, पाच वेळा विचारले गेले. माझ्या मते सगळ्या उशिराचं मूळ इथे आहे. कमिट्या आळशी असतात असं नाही. सगळ्या कमिट्या सगळंच वाचतात आणि जे फक्त त्यांनाच वाचता येईल ते त्या गर्दीत राहून जातं.

फक्त त्यांनाच वाचता येईल असं काय असतं? पुन्हा आपल्या स्क्रब टायफसकडे येते. समजा प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे अभ्यासाच्या आराखड्यात, लिहिलंय की पेशंटला चौदाव्या दिवशी पुन्हा रक्त द्यायला बोलवा. नागपूरच्या कमिटीला यात काहीच वावगं दिसणार नाही; कामठीचा माणूस बस पकडून येईल. पण भामरागडच्या माणसाला गडचिरोली दीडशे किलोमीटरच्या पुढे, आणि पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. हा अभ्यास तर ऐन पावसाळ्यातला. त्या माणसाने चौदाव्या दिवशी यायचं कसं? आला नाही तर तो ‘अभ्यास सोडून गेला’ अशी नोंद होणार, आणि गडचिरोलीचे आकडे निकालातून हळूच गळणार. ही गोष्ट दिल्लीच्या किंवा मुंबईच्या कमिटीला, ती कितीही हुशार असली तरी, सुचणार नाही. गडचिरोलीत बसलेल्या माणसाला ती पहिल्या मिनिटात सुचते.

भाषेचंही तेच. संमतीपत्र मराठीत केलं म्हणजे झालं असं नागपुरात धरून चालतात. गडचिरोलीतली माडिया ही आदिवासी भाषा बोलणाऱ्या बाईला ते कोण वाचून दाखवणार, कुठल्या भाषेत समजावणार, आणि तिचा होकार खरा आहे हे कोण बघणार? मूल सात ते अठरा वर्षांचं असेल तर आईवडिलांच्या संमतीबरोबर मुलाचीही तयारी विचारावी लागते, बारापर्यंत तोंडी, पुढे लेखी. मूल आश्रमशाळेत असेल तर आईवडील शंभर किलोमीटरवर असू शकतात. सही कोण करणार?

हा प्रश्न हवेतला नाही. २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या (आता तेलंगणातल्या) खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यांत मुलींना एचपीव्ही, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची लस देण्याचा एक प्रकल्प झाला. कागदोपत्री मंजुऱ्या होत्या. नंतर उघड झालं की खम्मममधल्या वसतिगृहांतल्या कितीतरी मुलींच्या संमतीपत्रांवर वॉर्डनांच्या सह्या होत्या. प्रकल्पाच्या काळात काही मुली दगावल्या. ते मृत्यू लसीमुळे झाले असं चौकशीत निघालं नाही, पण संमती घेण्याच्या पद्धतीची लक्तरं निघाली, एप्रिल २०१०मध्ये प्रकल्प थांबवावा लागला आणि २०१३मध्ये संसदेच्या स्थायी समितीने कडक अहवाल दिला. त्याच वर्षी औषधचाचण्यांना मंजुरी देणाऱ्या एथिक्स कमिट्यांची नोंदणी सक्तीची झाली. सर्वोच्च न्यायालयातही त्या सुमारास चाचण्यांवरून याचिका गाजत होती.

म्हणून जेव्हा कुणी म्हणतं, ‘या कमिट्याच बंद करा, दिल्लीत एक खिडकी ठेवा,’ तेव्हा मला खम्ममची वसतिगृहं आठवतात. तिथे मंजुऱ्यांची कमतरता नव्हती. वसतिगृहाच्या दारापर्यंत जाऊन बघणारं कुणी नव्हतं. मंजुऱ्या दुप्पट असत्या तरी तेच झालं असतं.

मग नियम काय म्हणतात? आयसीएमआरची २०१७ची तत्त्वं दोन्ही वाटा मोकळ्या ठेवतात. प्रत्येक केंद्राने स्वतंत्र तपासणी करावी, किंवा सगळ्या केंद्रांनी मिळून एक मुख्य कमिटी नेमावी आणि तिची तपासणी सगळ्यांनी मानावी. दुसऱ्या वाटेत स्थानिक कमिटीचं काम संपत नाही. आपल्या भागापुरते बदल सुचवणं, संमतीपत्राचं भाषांतर बघणं, काम सुरू झाल्यावर लक्ष ठेवणं हे तिच्याकडेच राहतं. कमी जोखमीच्या अभ्यासांना ही वाट विशेष सोयीची, असंही त्यात म्हटलं आहे. कोविडमध्ये, एप्रिल २०२०च्या खास मार्गदर्शक तत्त्वांत, याच वाटेवर भर दिला गेला, शिवाय ऑनलाइन बैठकींना मोकळीक मिळाली. तेव्हा ज्या कमिट्या दोन महिन्यांनी बसायच्या त्यांतल्या काही आठवड्यात दोनदा बसल्या. म्हणजे जमतं.

पण परवानगी आहे, सक्ती नाही. आणि संस्था ही वाट सहसा धरत नाहीत. त्याची कारणं बैठकीत मोठ्याने बोलली जात नाहीत, चहाला बोलली जातात. पहिलं कारण भीती. आपल्या वॉर्डात पेशंटला काही झालं तर जबाब आपण द्यायचा, मग मंजुरी दुसऱ्याची का मानायची? ही भीती अगदीच पोकळ नाही. औषधचाचणीत गंभीर प्रकार घडला तर डॉक्टरने चोवीस तासांत कळवायचं असतं, आणि मृत्यू झाला तर त्या कमिटीने आपलं मत तीस दिवसांत सरकारला द्यायचं असतं. सही ज्याची, त्याच्या डोक्यावर टांगती तलवार. दुसरं कारण फी. कंपन्यांच्या चाचण्यांवर कमिट्या तपासणीचं शुल्क घेतात आणि काही संस्थांना ते सोडवत नाही. तिसरं कारण मान. एका मोठ्या संस्थेची कमिटी दुसऱ्या मोठ्या संस्थेच्या कमिटीचं ऐकून घेईल, ही कल्पनाच नागपुरात जरा जड जाते. (पुण्यात हलकी जाते असं मात्र समजू नका.)

औषधचाचण्यांच्या नियमात आणखी एक गंमत आहे. ज्या रुग्णालयाची स्वतःची कमिटी नाही त्याने दुसऱ्या केंद्राच्या कमिटीकडून किंवा स्वतंत्र कमिटीकडून मंजुरी घेतली तर चालते, पण ती कमिटी त्याच शहरात किंवा पन्नास किलोमीटरच्या परिघात हवी. हेतू चांगलाच आहे, लांबच्या कमिटीने न बघता सही करू नये. पण नकाशा काढून बघा. हिंगणा, उमरेड आत बसतं. भंडारा नागपूरपासून सरळ रेषेतही पन्नासच्या बाहेर, सेवाग्राम बाहेर, चंद्रपूर-गडचिरोलीचं नावच नको. मुंबई-पुण्याकडे या परिघात डझनावारी रुग्णालयं येतात. पूर्व विदर्भात मात्र बऱ्याच ठिकाणी लहान रुग्णालयाने चाचणीत भाग घ्यायचा तर त्याला स्वतःची कमिटी उभी करावी लागते. त्यासाठी वकील, समाजशास्त्रज्ञ, औषधशास्त्राचा जाणकार हे सगळे तालुक्यात शोधायचे. बहुतेक जण नाद सोडतात, आणि नव्या औषधांची चाचणी पुन्हा मोठ्या शहरांतल्या पेशंटांवरच होते.

इतर देशांनीही हे भोगलंय. अमेरिकेत आपल्या पैशावर चालणाऱ्या बहुकेंद्री अभ्यासांना २०१८पासून एकच कमिटी ठेवण्याचा दंडक एनआयएच या आरोग्य संशोधनाला पैसा देणाऱ्या सरकारी संस्थेने घातला, आणि २०२०पासून तो आणखी व्यापक झाला. त्याने दुबार वाचन कमी झालं. पण ‘आम्ही तुमच्या कमिटीचं मानतो’ असे संस्था-संस्थांतले करार करण्यातच आता महिने जातात, अशी तिथल्या संशोधकांची तक्रार आहे.

करारांवरून आठवलं. ‘एथिक्समध्ये अडकलंय’ या वाक्याखाली कितीतरी भलत्या गोष्टी खपून जातात. एथिक्सच्या आधी बहुतेक ठिकाणी संस्थेची संशोधन समिती असते. ती अभ्यासाचं शास्त्र बघते, आणि तिची तारीख वेगळी. दोन संस्थांमधला सामंजस्य करार स्टॅम्पपेपरवर, तो डीन साहेबांच्या सहीला. परदेशी पैसा किंवा परदेशी भागीदार असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची परवानगी, तिचं कार्यालय आयसीएमआरकडे. क्लिनिकल ट्रायल असेल तर पहिला पेशंट घेण्याआधी सीटीआरआय या राष्ट्रीय नोंदवहीत नोंद. प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करायचं तर जिल्हा परिषदेच्या आरोग्य अधिकाऱ्यांचं पत्र. आश्रमशाळेत जायचं तर आदिवासी विकास विभागाचं. यातलं एकही काम एथिक्स कमिटीचं नाही, पण उशीर झाला की बोट आमच्याकडे. काही कमिट्या ही सगळी पत्रं आल्याशिवाय फाइल हातात घेत नाहीत, आणि काही कार्यालयं एथिक्सचं पत्र आल्याशिवाय परवानगी देत नाहीत. या दोन दारांमध्ये मधल्या मधे फिरणारी एक तरुण प्रोजेक्ट कोऑर्डिनेटर मला माहीत आहे. शेवटी तिने दोन्हीकडे ‘दुसऱ्याच्या परवानगीच्या अटीवर’ अशी मंजुरी मागितली आणि दोन्हीकडे मिळाली. हे करता येतं, कमिटी सशर्त मंजुरी देऊ शकते. मागायला हवी.

उशीर हा फक्त संशोधकाच्या वैतागाचा विषय आहे असं आमच्या टेबलावरही पुष्कळांना वाटतं. मला तसं वाटत नाही. अभ्यास एक वर्ष पुढे गेला म्हणजे त्यातून येणारं उत्तरही वर्षभर पुढे गेलं, आणि मधल्या पावसाळ्यात जे तापाने आले त्यांच्यावर जुन्याच अंदाजाने उपचार झाले. त्यांची नावं कुठल्या इतिवृत्तात येत नाहीत. कमिटीने सहभागी माणसाचं हित बघायचं असतं हे खरंच, पण वाट बघणाऱ्या पेशंटचंही हित असतं, ते कुणाच्याच अजेंड्यावर नसतं.

माझ्या हातात असतं तर मी फाइलचे दोन भाग केले असते. शास्त्र, जोखीम, नमुन्यांचं पुढे काय होणार, माहिती कुठे साठवणार हे सगळं एका कमिटीने एकदाच, नीट, वेळ देऊन वाचावं. आणि प्रत्येक ठिकाणच्या कमिटीला दोन-तीनच पानं द्यावीत: इथे संमती कोण घेणार, कुठल्या भाषेत; येण्याजाण्याचं आणि बुडालेल्या मजुरीचं काय; तब्येत बिघडली तर जवळचं कुठलं रुग्णालय; तक्रार कुणाकडे. मागे एका अभ्यासाची संमती कशी घेतात ते बघायला आम्ही ओपीडीत बसलो होतो. एका आईने सगळं ऐकून घेतलं आणि दोनच प्रश्न विचारले. ‘रगत किती काढता जी?’ आणि ‘पुन्ना यायचं त्या दिवसाची मजुरी कोन देते?’ जाडजूड प्रोटोकॉलमध्ये पहिल्याचं उत्तर होतं. दुसऱ्याचं कुठेच नव्हतं, आणि ते तीन कमिट्यांच्या नजरेतून सुटलं होतं.

नियम बदलेपर्यंत ज्यांना अभ्यास करायचाच आहे त्यांनी काय करावं? फाइल तयार झाल्यावर नव्हे, अभ्यास सुचल्यावर पाचही सदस्य सचिवांना फोन करून बैठकीच्या आणि फाइल देण्याच्या तारखा विचारून घ्याव्यात. ज्या कमिटीची तपासणी सगळ्यात काटेकोर, तिच्याकडे आधी जावं. तिच्या शंका, तुमची उत्तरं आणि तिचं मंजुरीपत्र पुढच्या प्रत्येक फाइलला जोडावं. ते बघितल्यावर निम्मे प्रश्न विचारायचे राहतात, हे मी आमच्याच बैठकीत पाहिलंय. जिथे शक्य आहे तिथे संमतीपत्राचा मजकूर सगळीकडे एक ठेवून प्रवासखर्च, फोन नंबर, स्थानिक डॉक्टरचं नाव यांचं वेगळं पान करावं, म्हणजे एका ठिकाणचा बदल बाकी चार ठिकाणी फिरत नाही. जोखीम किमान असेल तर अर्जातच तसं स्पष्ट लिहून त्वरित तपासणी मागावी, कारणांसकट. दुरुस्ती पाठवताना जुनं वाक्य आणि नवं वाक्य शेजारी-शेजारी ठेवून तक्ता द्यावा. पूर्ण फाइल पुन्हा वाचायला लावली तर ती पुन्हा ढिगात जाते.

आणि मंजुऱ्या मिळाल्यावर त्यांची मुदत कधी संपते ते लगेच लिहून ठेवावं. साधारण वर्षाने अहवाल देऊन प्रत्येक मंजुरी चालू ठेवून घ्यावी लागते. पाच कमिट्यांनी पाच वेगळ्या महिन्यांत सह्या केल्या असतील, तर पाच वेगळ्या तारखा. त्यातली एखादी नेमकी ऑगस्टमध्ये येते, पेशंटांची रांग लागलेली असताना.